रक्कम कशावर मोजतात आणि मुदत कोणत्या तारखेपासून धरतात : विमा, रुग्णालय आणि पेन्शनच्या कागदांतील शब्द

सहकारनगरवासी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सर्वसाधारण विम्याच्या एका कंपनीच्या पुणे कार्यालयात, दाव्यांच्या विभागात नोकरी करून मी निवृत्त झालो. आता आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात येणाऱ्यांच्या पॉलिसी, रुग्णालयाची बिले आणि पेन्शनचे कागद वाचून समजावून देण्याचे काम करतो. तिथे बहुतेकांचा पहिला प्रश्न एखाद्या शब्दाच्या अर्थाचा असतो. को-पे म्हणजे काय, वेटिंग पीरियड म्हणजे काय, अंशराशीकरण म्हणजे काय. अर्थ सांगितला की ते समाधानाने घरी जातात, आणि काही महिन्यांनी दावा अर्धवट मंजूर झाल्याचे पत्र घेऊन परत येतात. अर्थ त्यांना बरोबर ठाऊक असतो. मात्र ती टक्केवारी नेमक्या कोणत्या रकमेवर लावतात आणि ती मुदत नेमक्या कोणत्या तारखेपासून धरतात, हे कोणी विचारलेले नसते. माझ्या अनुभवात घराचे बजेट कोलमडते ते या दोन जागी, म्हणून हा धागा.

सुरुवात खोलीभाड्यापासून करतो, कारण सगळ्यात जास्त रक्कम इथे जाते आणि दाखल होण्यापूर्वी त्याची कल्पना जवळजवळ कोणालाच नसते.

समजा विमा रक्कम ५ लाख आहे आणि पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये आहे. रुग्णाने ८,००० रुपयांची खोली घेतली आणि तो पाच दिवस राहिला. घरच्यांचा हिशेब असा असतो की रोजचे वरचे ३,००० म्हणजे एकूण १५,००० आपण भरू आणि बाकीचे कंपनी देईल. प्रत्यक्षात कंपनी ५,००० भागिले ८,००० हे प्रमाण काढते, जे ६२.५ टक्के येते, आणि ते खोलीभाड्याप्रमाणेच खोलीच्या दर्जानुसार बदलणाऱ्या इतर आकारांनाही लावते. शल्यचिकित्सकाची फी, भूलतज्ज्ञाची फी, शस्त्रक्रियागृहाचा आकार, परिचर्या हे सगळे त्यात येते. याला प्रमाणशीर कपात म्हणतात.

आता बिल ३ लाखांचे आहे असे धरा. त्यात खोली ४०,०००, डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृह वगैरे १,६०,०००, औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या ९०,०००, आणि हातमोजे, मास्क यांसारख्या देय नसलेल्या वस्तू १०,०००. खोलीचे २५,००० मिळतील. दुसऱ्या गटाचे १,६०,००० पैकी १,००,००० मिळतील. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कपात लावू नये असे विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२० मध्ये स्पष्ट केलेले आहे, त्यामुळे ते ९०,००० पूर्ण मिळतील. शेवटच्या १०,००० चे काहीच मिळणार नाही. एकूण २,१५,०००. जिथे १५,००० खिशातून जातील असे वाटले होते, तिथे ८५,००० गेले.

त्यावर पॉलिसीत १० टक्के को-पे असेल, म्हणजे तेवढा वाटा रुग्णाने स्वतः भरायचा असेल, तर तो मूळ ३ लाखांवर धरत नाहीत. देय ठरलेल्या २,१५,००० वर तो लावतात, म्हणजे आणखी २१,५०० रुग्णाकडे. कंपनीकडून हातात १,९३,५००.

अतिदक्षता विभागाच्या आकारांनाही ही कपात लावता येत नाही, आणि ज्या रुग्णालयात खोलीच्या दर्जानुसार दर बदलत नाहीत तिथेही ती लागू होत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच लहान नर्सिंग होममध्ये शस्त्रक्रियेचा दर सर्वांना एकच असतो. तिथे कपात झाली असेल, तर रुग्णालयाकडून तसे लेखी पत्र घेऊन दावा पुन्हा तपासायला लावावा. मी नोकरीत असताना अशा पत्रावर कपात मागे घेतलेली पाहिली आहे.

आपापल्या कागदांतले प्रश्न इथे विचारावेत. नाव, पॉलिसी क्रमांक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक मात्र कृपया कोणी लिहू नये.

कोथरूडची काकू

फार उपयोगी लिहिले आहे. आमच्याकडे दोघांची मिळून ५ लाखांची पॉलिसी आहे. वय वाढल्यावर रक्कम कमी वाटू लागली म्हणून मुलाने टॉप-अप घ्यायचे ठरवले आहे. एक एजंट टॉप-अप सुचवतो, दुसरा सुपर टॉप-अप. हप्त्यात फरक फारसा नाही. मग निवड कशावरून करावी?

सहकारनगरवासी (धागाकर्ता)

काकू, दोन्हींत डिडक्टिबल असते, म्हणजे एका ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च ती पॉलिसी देत नाही आणि त्यावरचा देते. फरक आहे तो हा खर्च कसा मोजतात यात. टॉप-अपमध्ये तो प्रत्येक दाखल होण्याचा स्वतंत्र मोजतात आणि सुपर टॉप-अपमध्ये पॉलिसीच्या वर्षातला सगळा खर्च एकत्र करतात.

डिडक्टिबल ५ लाख धरा. एका वर्षात काकांचे ४ लाख आणि नंतर तुमचे ४ लाख असा खर्च झाला, तर मूळ पॉलिसी पहिले ४ आणि नंतरचा १ लाख देऊन संपेल. उरलेले ३ लाख टॉप-अप देणार नाही, कारण एकाही वेळी खर्च ५ लाखांच्या वर गेलेला नाही. सुपर टॉप-अपमध्ये वर्षाचा खर्च ८ लाख होतो, म्हणून ५ च्या वरचे ३ लाख ते देईल. उतारवयातल्या जोडप्याच्या बाबतीत एकाच वर्षात दोनदा दाखल व्हावे लागण्याची शक्यता मोठी असते, त्यामुळे मी निःसंकोच सुपर टॉप-अप सांगेन. मात्र मूळ पॉलिसीचे वर्ष आणि सुपर टॉप-अपचे वर्ष शक्यतो एकाच तारखेला सुरू होईल असे पाहा, नाहीतर दोन आजारपणे एका पॉलिसीच्या दृष्टीने एकाच वर्षात आणि दुसरीच्या दृष्टीने दोन वेगळ्या वर्षांत पडतात.

बाणेरचा हिशेबनीस

काकूंसाठी एक छोटी भर. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे, फॅमिली फ्लोटरही (साऱ्या कुटुंबाची मिळून एकच विमा रक्कम) त्यात आले. गटविम्याला ही सवलत नाही. एजंटने जुने कोटेशन दाखवले, तर त्यात कर धरला आहे का ते पाहून घ्यावे.

हिंजवडीची वाटसरू

माझी कंपनी मला आणि आईवडिलांना गटविमा देते. बाबांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि या पॉलिसीत तो पहिल्या दिवसापासून समाविष्ट आहे, त्यामुळे वेगळी पॉलिसी घेण्याची गरज आम्हाला कधी वाटली नाही. आता मी नोकरी बदलण्याचा विचार करत आहे आणि नव्या ठिकाणी आईवडिलांना संरक्षण नाही. बाबांसाठी आज पॉलिसी घेतली, तर प्रतीक्षा काळ कधीपासून धरतील? गटविम्यातली वर्षे त्यात धरली जात नाहीत का?

सहकारनगरवासी (धागाकर्ता)

ताई, हा प्रश्न नोकरी सोडण्यापूर्वी विचारलात हे फार चांगले झाले.

प्रतीक्षा काळ तीन प्रकारचे असतात आणि तिन्ही त्या व्यक्तीच्या त्या पॉलिसीच्या पहिल्या तारखेपासून मोजतात. पहिले ३० दिवस अपघात वगळता कोणताच आजार देय नसतो. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल अशा ठरावीक आजारांना आणि शस्त्रक्रियांना वेगळा काळ असतो. तिसरा पूर्वीपासून असलेल्या आजारांचा. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी पूर्वीच्या आजारांसाठी ही कमाल मर्यादा ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली. एखादी गोष्ट शेवटच्या दोन्ही प्रकारांत बसत असेल, तर जो काळ लांब तो लागू होतो.

गटविम्याची वर्षे आपोआप नव्या कंपनीकडे जात नाहीत. मात्र गटातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे, तिला मायग्रेशन म्हणतात, आणि तिथे गटात सलग काढलेल्या काळाचे श्रेय मिळते. कंपनी नव्याने जोखीम तपासू शकते, हप्ताही वेगळा असेल, तरीही अर्ज केल्याशिवाय राहू नका. राजीनाम्याचा शेवटचा दिवस उलटल्यावर गटाचे सभासदत्वच राहत नाही, म्हणून मनुष्यबळ विभागाकडून विमा कंपनीचे नाव, गट पॉलिसीचा क्रमांक आणि आईवडिलांची नावे कोणत्या तारखेला जोडली याचे पत्र आधीच घेऊन ठेवा. ती तारीख म्हणजेच तुमचे श्रेय.

प्रस्तावाचा अर्ज स्वतः भरा. मधुमेह, घेत असलेली औषधे, पूर्वी कधी दाखल झाले असतील तर तेही सगळे लिहा. एजंट म्हणतो की "साखर थोडीच आहे, लिहायची गरज नाही", आणि दावा नाकारल्यावर तो एजंट सापडत नाही. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. याला मोरॅटोरियम म्हणतात आणि पूर्वी तो आठ वर्षांचा होता. परंतु ही ढाल पाच वर्षांनंतरची आहे, आणि माझ्या टेबलावर आलेले बहुतेक वाद पहिल्या दोनतीन वर्षांतले असत.

पुढे विमा रक्कम ५ लाखांवरून १० लाख केली, तर वाढवलेल्या ५ लाखांसाठी प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होतो. वार्षिक हप्ता भरायला उशीर झाला, तर ३० दिवसांच्या सवलतीच्या काळात भरल्यास जुने श्रेय टिकते, पण मधल्या दिवसांत दाखल व्हावे लागले तर तो खर्च मिळत नाही.

औंधची परिचारिका

मी एका रुग्णालयात काम करते, ते कोणते हे लिहीत नाही. धागाकर्त्यांनी पॉलिसीच्या बाजूने लिहिले, मी रुग्णालयाच्या खिडकीच्या बाजूने लिहिते, कारण तिथे उभ्या असलेल्या नातेवाइकांची अवस्था मला रोज दिसते.

कॅशलेसमध्ये, म्हणजे बिल कंपनी थेट रुग्णालयाला देते त्या सोयीत, दाखल होताना जी मंजुरी येते, ती एका अंदाजपत्रकावरची प्राथमिक मंजुरी असते. ६०,००० मंजूर झाले असे ऐकून घरचे निश्चिंत होतात किंवा उलट घाबरून जातात, आणि दोन्ही घाईचे ठरते. उपचार जसे पुढे जातात तशी वाढीव मंजुरी मागितली जाते आणि अंतिम आकडा डिस्चार्जच्या वेळी ठरतो. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार विमा कंपनीने कॅशलेसची विनंती आल्यापासून एक तासात निर्णय द्यायचा आहे आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी रुग्णालयाकडून विनंती गेल्यापासून तीन तासांत. उशीर झाला आणि त्यामुळे खोलीचे भाडे वाढले, तर ती वाढ कंपनीने सोसायची आहे. इथेही प्रश्न तारखेसारखाच वेळेचा आहे. डॉक्टरांनी सकाळी घरी जायला सांगितले तेव्हापासून नातेवाईक वेळ मोजतात. तीन तास मात्र रुग्णालयाने अंतिम बिल पाठवल्यापासून सुरू होतात, आणि अनेकदा ते बिलच दुपारपर्यंत तयार होत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) कक्षात जाऊन डिस्चार्ज समरी आणि बिल किती वाजता पाठवणार ते विचारावे, आणि पाठवल्याची वेळ लिहून घ्यावी.

आपले रुग्णालय कंपनीच्या यादीत नसले, तरी जानेवारी २०२४ पासून सर्वत्र कॅशलेसची सोय सुरू झाली आहे. ठरवून केलेल्या उपचारासाठी ४८ तास आधी आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीला कळवावे लागते. रुग्णालय त्याला तयार असावे लागते, हेही लक्षात ठेवावे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. पुण्यातली बरीच मोठी रुग्णालये धर्मादाय न्यासांची आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखाव्या लागतात, आणि त्यासाठी बिलाच्या २ टक्के रकमेचा निर्धन रुग्ण निधी वेगळा ठेवावा लागतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन आणि ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटक. यात मोजले जाते ते साऱ्या कुटुंबाचे उत्पन्न. तहसीलदारांचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, आणि हे दाखल झाल्याबरोबर करा. बिल भरल्यानंतर आलेल्या कुटुंबाला मदत करणे आम्हाला फार कठीण जाते.

भोसरीचा फिटर

आमच्यासारख्यांचे प्रश्न वेगळे आहेत, पण धाग्यात बसतील असे वाटते. माझा पगार २०,८०० होता आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात होता. जूनमध्ये पगारवाढ होऊन तो २२,००० झाला. ठेकेदाराच्या माणसाने सांगितले की २१,००० ची मर्यादा ओलांडली, आता ईएसआय बंद. पत्नीचे उपचार बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात चालू आहेत. लगेच बंद होते का?

दुसरे, माझे भविष्य निर्वाह निधीचे पासबुक पाहिले तर त्यात पेन्शनच्या रकान्यात दरमहा रक्कम जाते, पण शिल्लक वाढत नाही. ते पैसे जातात कुठे?

सहकारनगरवासी (धागाकर्ता)

दादा, ईएसआय जूनमध्ये बंद होत नाही. अंशदानाचे, म्हणजे वर्गणीचे, दोन काळ आहेत, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काळ सुरू होताना पगार २१,००० च्या आत असेल आणि मध्येच वाढला, तर तो काळ संपेपर्यंत, म्हणजे तुमच्या बाबतीत सप्टेंबरअखेर, कपात चालूच राहते, आणि ती वाढलेल्या पूर्ण पगारावर होते. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. प्रत्येक अंशदान काळाला जोडलेला लाभकाळ नंतर येतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या अंशदानाचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. मालकाने जूनपासूनच कपात थांबवली, तर तुमचा पुढचा लाभकाळ धोक्यात येईल, म्हणून आजच लेखी विचारा. आजारपणाचा रोख लाभ हवा असेल, तर त्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते.

पेन्शनच्या रकान्याविषयी. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के कर्मचारी पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएस ९५ मध्ये जातात, आणि तेही १५,००० पर्यंतच्याच पगारावर, म्हणून ती रक्कम महिन्याला १,२५० च्या वर जात नाही. हे पैसे तुमच्या नावावर साठत नाहीत आणि त्यांच्यावर व्याजही लागत नाही. ते एका सामायिक निधीत जातात आणि पेन्शन सूत्राने मिळते. शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पेन्शनयोग्य पगार, गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०.

हे ऐकताना वाटते की शेवटचा पगार २२,००० म्हणजे त्यावर पेन्शन. तसे नाही. १ सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेसाठी पगार कमाल ६,५०० आणि त्यानंतरच्या सेवेसाठी कमाल १५,००० धरतात. समजा कोणाची २०१४ पूर्वीची नऊ वर्षे आणि नंतरची दहा वर्षे सेवा आहे आणि पगार या मर्यादांच्या वरच होता. तर ६,५०० गुणिले ९ भागिले ७० म्हणजे ८३६, आणि १५,००० गुणिले १० भागिले ७० म्हणजे २,१४३. मिळून सुमारे २,९७९ रुपये दरमहा. त्यावर महागाईची वाढ नाही. ५८ व्या वर्षी वीस वर्षे सेवा पूर्ण असेल तर सूत्रात दोन वर्षे जास्तीची धरतात, म्हणून एकोणीस वर्षे झालेल्याने शेवटचे वर्ष सोडताना दहादा विचार करावा. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण ५८ च्या आधीच्या दर वर्षाला ४ टक्के कपात होते आणि ती कायमची असते.

पेन्शनचा हक्क दहा वर्षांच्या सेवेवर आहे. भोसरी, चाकण, रांजणगावात ठेकेदार बदलला की लोक दर वेळी १०-सी हा अर्ज भरून पेन्शनचे पैसे काढून घेतात, आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. चार ठिकाणची तीन तीन वर्षे मिळून बारा होतात. पैसे न काढता एकाच यूएएनवर (भविष्य निर्वाह निधीचा नोकरी बदलली तरी न बदलणारा क्रमांक) खाते पुढे नेत राहा, किंवा झालेल्या सेवेची नोंद राखणारे योजना प्रमाणपत्र घ्या. हे मी हात जोडून सांगतो, कारण साठीला आलेले कामगार रिकाम्या हाताने आमच्याकडे येतात आणि तेव्हा काही करता येत नाही.

खडकीचा निवृत्त कामगार

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून केंद्र सरकारी कर्मचारी म्हणून जुन्या पेन्शन योजनेत निवृत्त झालो. निवृत्तीच्या वेळी ४० टक्के पेन्शन विकली. पेन्शनचा हिशेब अजून नीट उमगत नाही. आणि मी आता एकाहत्तर वर्षांचा आहे, सीजीएचएसचे (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे) कार्ड आहे. शेजारी म्हणतात की सत्तरच्या वरच्यांना ५ लाखांचे आयुष्मान कार्ड सगळ्यांना मिळते. मी काढू का?

सहकारनगरवासी (धागाकर्ता)

काका, पेन्शन विक्री, म्हणजे कागदावरचे अंशराशीकरण, मूळ पेन्शनवर मोजतात. मूळ पेन्शन ३०,००० असेल तर विकलेला भाग १२,०००. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला पुढच्या वाढदिवसाचे, म्हणजे एकसष्टाचे, कोष्टकातले गुणक ८.१९४ लागते. १२,००० गुणिले १२ गुणिले ८.१९४ म्हणजे ११,७९,९३६ रुपये एकरकमी. दरमहा मूळ पेन्शन १८,००० राहते, पण महागाई वाढ पूर्ण ३०,००० वर मिळत राहते. बँकेच्या पावतीत ती १८,००० वर काढलेली दिसली, तर ताबडतोब तक्रार करा.

विकलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो. ही पंधरा वर्षे, निवृत्तीनंतर पेन्शनमधून कपात प्रत्यक्ष सुरू झाली त्या तारखेपासून धरतात. सहसा ती निवृत्तीच्या जवळचीच असते, पण वैद्यकीय तपासणीमुळे किंवा कागद उशिरा गेल्यामुळे ती पुढे गेलेली असू शकते. पीपीओवर ती तारीख पाहून ठेवा. कुटुंब निवृत्तिवेतन मात्र मूळ पेन्शनच्या हिशेबाने ठरते, तुम्ही पेन्शन विकली म्हणून काकूंचे कमी होत नाही.

आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता मिळते हे खरे. आधीचे आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट आहेत, प्रतीक्षा काळ नाही. परंतु सीजीएचएस, ईसीएचएस (माजी सैनिकांची योजना) यांसारख्या सरकारी योजनांच्या लाभार्थींना दोन्हींपैकी एकाची निवड करावी लागते. सीजीएचएसमध्ये तुम्हाला बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधे मिळतात, वय वंदनात प्रामुख्याने दाखल होऊन घेतलेले उपचार आहेत आणि ५ लाखांची वार्षिक मर्यादा आहे. तुमच्या जागी मी सीजीएचएस सोडणार नाही. ज्यांच्याकडे खासगी आरोग्य विमा आहे त्यांना मात्र अशी निवड करावी लागत नाही, त्यांनी दोन्ही ठेवावे. कोथरूडच्या काकूंनी हे वाचावे.

शनिवार पेठेतला वकील

नॉमिनीविषयी कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

बँकेच्या ठेवीत नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण ते वारसांच्या वतीने. आयुर्विम्याबाबतही सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी प्रकरणात १९८३ मध्ये हेच सांगितले होते. २०१५ मध्ये विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये दुरुस्ती झाली आणि आईवडील, पती किंवा पत्नी, मुले यांपैकी कोणी नॉमिनी असेल, तर तो हितलाभधारक, म्हणजे पैशाचा खरा हक्कदार, ठरेल असे कायद्यात आले. भावाला किंवा पुतण्याला नेमले असेल, तर त्याला हा दर्जा मिळत नाही.

भविष्य निर्वाह निधीचा नियम याहून वेगळा आहे. लग्नापूर्वी आईचे नाव नॉमिनी म्हणून दिले असेल, तर लग्न होऊन कुटुंब झाल्यावर ते नामनिर्देशन रद्दबातल होते. नवे भरावे लागते, आणि त्यात कुटुंबातलीच व्यक्ती असावी लागते. माझ्याकडे येणाऱ्या तरुण विधवांच्या प्रकरणांत सासू आणि सून यांच्यात जो कलह उभा राहतो, त्याचे मूळ कित्येकदा या एका न बदललेल्या कागदात असते. लग्नानंतर पॅन आणि आधारवरचे नाव बदलायला आपण धावपळ करतो, त्याच आठवड्यात ई-नॉमिनेशनही करावे.

कोथरूडची काकू

वय वंदनाचे वाचले, आमच्या दोघांच्याही कार्डांची चौकशी करते. शेवटचा प्रश्न. आमच्या शेजारच्या जोशीबुवांचा दावा "पूर्वीचा आजार" म्हणून नाकारला आहे. पॉलिसीला सात वर्षे झाली आहेत. फोनवर कंपनी ठाम नाही म्हणते. त्यांनी आता कोणाकडे जावे?

सहकारनगरवासी (धागाकर्ता)

काकू, पॉलिसी सलग सात वर्षे चालली असेल, तर आधी वर लिहिलेले दोन्ही काळ, ३६ महिने आणि ६० महिने, उलटून गेलेले आहेत. त्यामुळे पहिल्यांदा दोन गोष्टी तपासा. मध्ये एखाद्या वर्षी सवलतीच्या ३० दिवसांनंतर हप्ता भरून पॉलिसी नव्याने तर सुरू झाली नव्हती ना, आणि विमा रक्कम अलीकडे वाढवली होती का. रक्कम वाढवली असेल, तर नकार फक्त वाढीव भागापुरता टिकू शकतो, जुन्या रकमेपर्यंतचा दावा त्यांना द्यावाच लागेल.

फोनवरच्या नकाराला किंमत नाही. पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली दावा नाकारला, हे लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांचे कार्यालय पुण्यातच, नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात, आणि निवाडा आल्यावर कंपनीला तो ३० दिवसांत अमलात आणावा लागतो. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज व्हायला हवा आणि तोच वाद ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात चालू नसावा.

बुवांना सात वर्षांच्या नूतनीकरणाच्या पावत्या, पहिल्या प्रस्तावाच्या अर्जाची प्रत आणि डिस्चार्ज समरी घेऊन संघात यायला सांगा. प्रस्तावाची प्रत घरी नसेल तर कंपनीकडे मागता येते. लोकपालांचा अर्ज मी त्यांच्याबरोबर बसून लिहून देईन.